झाडपाल्याचं ज्ञान कोणासाठी लिहायचं?

सौना म्हणजे वाफेचं गरम न्हाणीघर, दारू आणि डांबर यांनी जो रोग हटत नाही तो माणसाला घेऊनच जातो, अशी फिनलंडमध्ये जुनी म्हण आहे. डांबर म्हणजे पाइनच्या लाकडातून काढलेलं, रस्त्यावरचं नव्हे. म्हण थट्टेची वाटते, पण एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक फिनिश खेड्यांचा तो जवळजवळ पूर्ण दवाखाना होता. जोडीला तुंबड्या लावणारी बाई, हाडं बसवणारा, आणि अगदीच हात टेकले तर मंत्र घालणारा ‘जाणता’. शिकलेला डॉक्टर दूरच्या शहरात, आणि तो शिकलेला स्वीडिशमधून.

१८३३ साली अशाच मुलखात, कायानी नावाच्या काहीशे वस्तीच्या गावी, एलियास ल्योनरूट हा जिल्हा डॉक्टर म्हणून आला आणि वीस वर्षं राहिला. जग त्याला ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्याचा संकलक म्हणून ओळखतं. हेलसिंकीत त्याचा पुतळा आहे, एके काळी पाचशे मार्कांच्या नोटेवर त्याचं चित्र होतं, ते सगळं त्या महाकाव्यामुळे. मला मात्र त्याचं १८३९ सालचं एक साधं पुस्तक तितकंच मोलाचं वाटतं. त्याच्या नावाचा अर्थ ‘फिनिश शेतकऱ्याचा घरडॉक्टर’. झाडपाल्याच्या औषधांवरून आपल्याकडे जो कलगीतुरा रंगतो, त्यात एका बाजूला ‘हे सगळं थोतांड’ म्हणणारे असतात आणि दुसऱ्या बाजूला ‘हे सगळं आमच्या पूर्वजांना ठाऊक होतं’ म्हणणारे. या माणसाने तिसरंच काहीतरी केलं. लोकांकडून ज्ञान घेतलं, निवडलं, आणि त्यांच्याच भाषेत त्यांना परत दिलं. हे काम सरकारी डॉक्टरचंच आहे असं माझं म्हणणं आहे, आणि आपण ते त्याच्यावर कधी सोपवलंच नाही.

ल्योनरूट १८०२ मध्ये सम्माती गावी एका शिंप्याच्या घरी जन्मला. सात भावंडांतला चौथा. घरी गरिबी इतकी की पिठात पाइनच्या सालीचा भुगा मिसळून भाकरी भाजावी लागे. त्याने स्वतः शिवणकाम केलं, मग हामेनलिन्नाच्या औषधाच्या दुकानात उमेदवारी केली. वनस्पतींशी त्याची ओळख अशी दोन्हीकडून झाली: भुकेल्या माणसाची आणि औषध कुटणाऱ्या पोऱ्याची. १८२२ मध्ये तो तुर्कूच्या विद्यापीठात पोचला. १८२७ च्या आगीत ते शहर जळालं आणि विद्यापीठ हेलसिंकीला हललं. वैद्यकाची पदवी घेताना, १८३२ साली, त्याने प्रबंधाला विषय घेतला तो फिन लोकांच्या मांत्रिक वैद्यकाचा. ज्या विद्येवर मात करायची म्हणून विद्यापीठ डॉक्टर घडवत होतं, तिच्यावरच प्रबंध! प्राध्यापकांनी तो मान्य केला याचं मला अजून नवल वाटतं.

त्याआधी, १८२८ च्या उन्हाळ्यात, तो पायी हिंडत केसालाहती भागात गेला होता. तिथे युहाना काइनुलाइनेन नावाच्या शेतकऱ्याकडून त्याने गाणी आणि मंत्र उतरवून घेतले. शिकारीसाठी आणि मंत्रांसाठी हा माणूस पंचक्रोशीत नावाजलेला. पुढे १८३४ मध्ये सीमेपलीकडच्या, रशियातल्या कारेलियात अर्हिप्पा पेर्त्तुनेन हा थोर गायक त्याला भेटला. या जाणत्यांच्या वैद्यकाचा गाभा असा: रोग किंवा जखम ज्याच्यामुळे झाली त्याचं मूळ सांगायचं. कुऱ्हाड लागली तर लोखंड कसं जन्मलं ते गायचं. जन्मकथा सांगितली की लोखंड खजील होतं आणि रक्त थांबतं. मंत्र दुसऱ्याला दिला की त्यातली शक्ती जाते अशीही समजूत होती, म्हणून सांगणारा एखादा शब्द स्वतःजवळ ठेवून घेई. असल्या माणसाला बोलतं करायचं तर विश्वास मिळवावा लागतो. शेतकऱ्याच्या कोटात, पाठीवर पिशवी टाकून, त्यांच्या बोलीत बोलणारा डॉक्टर असल्यावर तो मिळाला.

कालेवालाच्या आठव्या-नवव्या सर्गांत वैनामोइनेन या म्हाताऱ्या नायकाच्या गुडघ्यात कुऱ्हाड घुसते. रक्त थांबेना. घरोघर विचारत तो एका म्हाताऱ्याकडे पोचतो. लोखंडाची जन्मकथा आठवून गायली जाते, लोखंडाला चार शब्द सुनावले जातात, रक्त थांबतं. इथवर मंत्र. मग म्हातारा आपल्या पोराला मलम करायला पाठवतो. पोरगा ओकची साल, तऱ्हतऱ्हेची पानं आणि मध उकळत बसतो. मलम झालं की नाही ते तो आधी एका चिरफाळलेल्या झाडावर लावून बघतो, मग दगडाच्या भेगांवर. झाड सांधलं, दगड जुळला, तेव्हाच ते जखमेवर जातं. कविताच ती, दगडही जुळतो तिच्यात. पण मलम माणसाला लावण्याआधी दुसरीकडे लावून पाहायचं असतं एवढं त्या पोराला कळत होतं. आज झाडपाल्याच्या गोळ्या विकणाऱ्या कितीकांना तेवढं कळतं?

ल्योनरूटने नेमका हा भेद आयुष्यभर पाळला. मंत्र त्याने फेकून दिले नाहीत, उलट जिवापाड जपले. १८८० मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचा मोठा संग्रह काढला. पण तो संग्रह वाङ्मयाचा होता. घरडॉक्टर हे पुस्तक वेगळं. रोग कसा ओळखावा, आजाऱ्याला खायला काय द्यावं, स्वच्छता कशी राखावी, घरात कोणती साधी औषधं असावीत, असा त्याचा संसारी विषय. आपल्याकडे या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे केवढा गोंधळ होतो! ओवीतलं सौंदर्य मान्य केलं की काढ्याचा गुणही मान्य करावा लागतो, आणि काढ्यावर शंका घेतली की आजीचा अपमान होतो. ल्योनरूटला आजीचा मान राखून काढा तपासता येत होता.

हे पुस्तक फिनिशमध्ये निघालं, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. फिनलंड सहाशे-सातशे वर्षं स्वीडनकडे होता, १८०९ पासून रशियाच्या झारकडे. कारभार आणि शिक्षण स्वीडिशमध्ये. ल्योनरूटचा स्वतःचा प्रबंधही स्वीडिशमध्येच. फिनिशला कारभारात बरोबरीचं स्थान देणारा हुकूम १८६३ चा. मध्ये १८५० साली तर सरकारने फरमान काढून धर्म आणि शेतीव्यवहार सोडून बाकी विषयांवर फिनिश पुस्तकं छापायला बंदी केली होती. शेतकऱ्याने बायबल वाचावं, बटाटे कसे लावावेत ते वाचावं, कादंबरी नको!

पण मग १८३९ मध्ये शेतकरी पुस्तक वाचणार कसा? वाचत होता, आणि ते चर्चच्या कृपेने. १६८६ च्या चर्चकायद्यापासून ल्यूथरपंथी पाद्री प्रत्येकाची वाचायची परीक्षा घेत. वाचता आल्याशिवाय दीक्षा नाही, आणि दीक्षेशिवाय लग्न नाही. लग्नासाठी का होईना, पोरं वाचायला शिकली. लिहिता बहुतेकांना येत नसे. म्हणजे वाचक तयार होता, त्याच्या हातात धर्मग्रंथ सोडून काही नव्हतं. ल्योनरूटने ती जागा हेरली. १८३६ मध्ये त्याने सामान्यांसाठी फिनिश मासिक काढलं, घरडॉक्टर लिहिलं, १८६० मध्ये फिनिश भाषेतलं पहिलं वनस्पतिवर्णन काढलं. फुलाच्या अवयवांना, शिरा-धमन्यांना फिनिश नावं नव्हती. ती त्याने घडवली आणि आजही शाळेत तीच चालतात.

आता त्याची आरती ओवाळायची नाही, म्हणून उरलेली बाजूही सांगायला हवी. १८३९ चा विद्यापीठी डॉक्टर काही फार पुढे गेलेला नव्हता. जंतूंचा पत्ता लागायचा होता. रक्त काढणं, रेच देणं, पाऱ्याची औषधं हे शिकलेल्या वैद्यकातच बसत होतं. कधीकधी जाणत्याचा मंत्र त्यापेक्षा सुरक्षित असेल, निदान त्याने पारा पोटात जात नाही. ल्योनरूटने कायानीत १८३४ मध्ये दारूविरोधी मंडळ काढलं, ते रडतखडत बंद पडलं. त्याच्या पाच मुलांपैकी चार त्याच्या डोळ्यांदेखत गेली, १८६८ मध्ये बायको क्षयाने गेली. घरात देशातला सर्वांत नावाजलेला डॉक्टर असून.

दुष्काळाची गोष्ट तर त्याच्या बाजूच्या लोकांनी नीट वाचावी अशी आहे. कायानीचा प्रदेश उपासमारीचाच. तिथल्या रानात ‘आइसलंड मॉस’ म्हणतात ते दगडफूल मुबलक. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच्या भाऊबंदांपैकी. ते कडू असतं, राखेच्या पाण्यात भिजवून कडवटपणा काढला की पिठात मिसळता येतं. ल्योनरूटसारख्यांनी ते लिहून सांगितलं. पण १८६६ ते १८६८ चा महादुष्काळ आला तेव्हा वरून कितीही सांगितलं तरी लोकांनी दगडफुलाची भाकरी मनापासून स्वीकारली नाही. ओळखीची सालीची भाकरीच बरी वाटली. देशाची सुमारे आठ टक्के माणसं मेली, त्यातली बहुतेक पोट रिकामं असताना पसरलेल्या टायफससारख्या साथींनी. लिहिलेलं पुस्तक पोट भरत नाही आणि साथही थांबवत नाही. पुस्तकाने धान्याची, रस्त्याची, इस्पितळाची जागा भरायची नसते. हे मान्य करूनही मी पुस्तकाच्या बाजूने आहे.

आजच्या फिनलंडमध्ये या वारशाचे दोन फाटे दिसतात. काउस्तिनेन गावी लोकवैद्यक जपणारी मंडळी आहेत, हाडं-सांधे चोळून बसवण्याच्या पद्धतीला ‘कालेवाली’ असं नाव देऊन ती शिकवतात. दुसरा फाटा मला जास्त आवडतो. स्प्रूस झाडाच्या राळेचं मलम उत्तरेकडचे लोक जखमांना पिढ्यान्‌पिढ्या लावत आले. फिनिश डॉक्टरांनी ते अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या दुखऱ्या जखमांवर रीतसर तुलना करून वापरून पाहिलं. काही रुग्णांना राळेचं मलम, काहींना चालू पट्टी. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले, राळेच्या बाजूने. रुग्ण मोजके होते, म्हणून फार नाचायचं कारण नाही. पण वाट हीच: आधी लोकांकडून ऐकायचं, मग चिरफाळलेल्या झाडावर लावून बघायचं.

युरोपीय संघाचा कायदा या वाटेने गेला नाही. २००४ च्या निर्देशानुसार पारंपरिक वनौषधीला सोप्या नोंदणीने बाजारात येता येतं, अट अशी की ती किमान तीस वर्षं वापरात असावी आणि त्यांतली पंधरा वर्षं युरोपीय संघात. २०११ च्या एप्रिलअखेर ही अट पुरती लागू झाली तेव्हा भारतीय आयुर्वेद उत्पादकांनी बरीच ओरड केली, कारण आपली पाच-सातशे वर्षं चालेनात, युरोपातली पंधरा लागत. ओरड बरोबर होती, पण कायद्यातला खरा दोष वेगळा. जुनं असणं म्हणजे गुणकारी असणं नव्हे. पारादेखील जुनाच होता आणि तुंबड्याही. तीस वर्षांच्या वापरातून फार तर एवढं कळतं की लगेच कोणी मरत नाही. यकृताला हळूहळू होणारी इजा त्यात दिसेलच असं नाही.

आपल्या बाजूला हा प्रश्न कसा उभा राहिला ते पाहा. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपीच्या विद्यापीठाला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. सीएसआयआर या सरकारी संशोधनसंस्थेचे तेव्हाचे प्रमुख रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे, यांनी ते लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. जी गोष्ट भाजी चिरताना बोट कापलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक, ती सिद्ध करायला बत्तीस लेखी दाखले गोळा करावे लागले. त्या धड्यातून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा मोठा डिजिटल संग्रह उभा राहिला. ग्रंथांतले औषधांचे लाखो योग त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत उतरवले गेले, आणि गुप्ततेचा करार करून परदेशी पेटंट कार्यालयांना दाखवले गेले. २०२२ मध्ये तो इतरांनाही खुला करायचा निर्णय झाला. कामाचं मोल मोठंच. पण तो संग्रह म्युनिकमधल्या पेटंट तपासनिसासाठी लिहिला गेला. मावळातल्या बाईसाठी नव्हे.

आणि हे आपल्याकडे आजचं नाही. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ केला. त्यात मदत करणारे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी बोलणारे ब्राह्मण; त्यांचं देवनागरीतलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. ग्रंथ लॅटिनमध्ये, छापला आम्स्टरडॅमला. देणाऱ्याची सही त्याच्या भाषेत, बाकी सगळं दुसऱ्याच्या. ल्योनरूट वेगळा ठरतो तो इथे.

दुसऱ्या बाजूचं एक ताजं उदाहरण. करोनाच्या वर्षात गुळवेलीचा काढा घराघरांत उकळला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद छापली: गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले. आयुष मंत्रालयाने लगेच उत्तर दिलं की हे दिशाभूल करणारं आहे, कदाचित वेल दुसऱ्याच जातीची असेल. दोन्ही बाजूंनी निवेदनं दिली, वर्तमानपत्रांनी दोन्ही छापली. वाद जाणकारांचा होता आणि चालायलाच हवा. पण ज्या घरात काढा उकळत होता तिथे काय पोचलं? खरी गुळवेल आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी यांत फरक कसा करायचा, आधीपासून यकृताचा किंवा रोगप्रतिकारशक्तीचा आजार असलेल्यांनी ती का टाळावी, डोळे पिवळे दिसले तर पहिलं काय करायचं, हे एका पानात, साध्या मराठीत, तालुक्याच्या डॉक्टरच्या सहीने यायला हवं होतं. त्याऐवजी फोनवर फिरणारे संदेश पोचले, आणि त्यांच्याखाली कोणाचीच सही नसते.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो: झाडपाल्याबद्दल सरकारने काहीही लिहिलं की त्याला मान्यता मिळते, आणि मग लोक इस्पितळात उशिरा येतात. आक्षेप खोटा नाही. पण लोक आजही उशिराच येतात, आणि येण्यापूर्वी काय घेतलं ते सांगत नाहीत, कारण सांगितलं की ओरडा बसतो. गप्प बसून मान्यता टळत नाही, माहिती तेवढी टळते. अशा पुस्तिकेतलं सर्वांत उपयोगी पान ‘हे करत बसू नका, गाडी बोलवा’ असंच असेल.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. काइनुलाइनेन आणि पेर्त्तुनेन यांची नावं अभ्यासकांना ठाऊक आहेत, पण नोटेवर चित्र ल्योनरूटचं आलं. ठाकर किंवा कातकरी वैदूकडून उतरवून घेतलेलं औषध उद्या एखाद्या कंपनीच्या बाटलीत दिसलं तर? २००२ चा जैवविविधता कायदा याच भीतीतून आला, लाभात वाटा देण्याची तरतूद त्यात आहे. त्या कायद्याखाली गावोगावी ‘लोक जैवविविधता नोंदवही’ करायची असते, स्थानिक वनस्पती आणि त्यांचे उपयोग गावकऱ्यांना विचारून. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाहीतर महिन्याला दहा लाखांचा दंड. दंडाच्या धाकाने भरलेल्या वह्या कशा असतात ते सरकारी कचेरीत वावरलेल्या कोणालाही सांगायला नको. तरी त्या आहेत. ल्योनरूटने पायी हिंडून केलेलं पहिलं अर्धं काम, बरंवाईट कसंही, इथे कागदावर आलेलं आहे. ज्यांनी सांगितलं त्यांची नावंही त्यात घालता येतात, आणि घालावीत.

राहिलेलं अर्धं कोणी करायचं? वही वाचायची, तिच्यातलं काय तपासलं गेलंय, काय नाही, काय धोक्याचं आहे ते ठरवायचं, आणि त्याच गावाला कळेल असं लिहून परत न्यायचं, हे काम वनखात्याचं नाही. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं आहे, त्याच्या जोडीला एक वनस्पतिशास्त्रज्ञ आणि गावातला एक वैदू द्यावा. त्याला वेळ कुठला, बाह्यरुग्ण विभागातच दुपार होते, हे मला मान्य आहे. कायानीच्या डॉक्टरलाही नव्हता. त्याने रजा मागितल्या आणि झारच्या नोकरशाहीने त्या दिल्या, एकदा नव्हे अनेकदा. आरोग्य खात्याने ज्याला लिहायची आवड आणि हात आहे अशा एका-दोघांना तरी जिल्ह्यागणिक वर्षभर मोकळं करावं, पगार चालू ठेवून. सुरुवात गुळवेलीपासून करायला हरकत नाही.